भाड्यासाठी घर घेताय? खरेदीपत्रापासून विक्रीपर्यंत कराचा हिशेब

कोल्हापुरात भाड्याच्या घरांची मागणी अलीकडे दोन वेगळ्या वाटांनी वाढली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज इथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार येऊ लागले. त्याच्या महिनाभर आधी पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी तर बारमाही. त्यामुळे हाताशी थोडी पुंजी असलेला माणूस आता विचारतो, ताराबाई पार्कात फ्लॅट घेऊन महिन्याच्या भाड्याने द्यावा, की महाद्वार रोडच्या आसपास घेऊन भाविकांना दिवसावर द्यावा?

बहुतेक जण हे गणित भाड्याच्या आकड्यावर सोडवतात आणि कराचे नंतर सीए बघतील म्हणतात. माझा आग्रह उलटा आहे. तुमच्या कराचा मोठा भाग खरेदीपत्रावर सही होते त्या दिवशीच ठरून जातो. दस्तावर नाव कोणाचे, पैसा कोणाच्या खात्यातून गेला, कर्ज कोणी काढले आणि घराचा वापर काय होणार, या चार गोष्टी एकदा ठरल्या की रिटर्न भरताना त्या बदलता येत नाहीत. म्हणून पायऱ्या ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने घेऊ.

एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ ने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘कर वर्ष’ हा शब्द आला, पण भाड्याच्या उत्पन्नाचा मूळ हिशेब तोच राहिला. २०२५-२६ चे रिटर्न अजून जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे. गोंधळ नको म्हणून खाली कलमांचे क्रमांक न देता तत्त्व सांगितले आहे.

पायरी १ : आधी वापर ठरवा

आयकर कायद्यात घराचे भाडे दोन वेगळ्या खात्यांत पडू शकते. एक ‘घरापासूनचे उत्पन्न’ आणि दुसरे ‘व्यवसायाचे उत्पन्न’. वजावट, तोटा, ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच आगाऊ भरायचा कर), अगदी घर विकतानाचा करसुद्धा या दोन खात्यांत वेगळा लागतो.

पूर्वी काही घरमालक निवासी घराचे साधे भाडे व्यवसायात दाखवत आणि रंगकाम, सोसायटीचा मेंटेनन्स, घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची दरवर्षीची वजावट) असे सगळे खर्च वजा करून घेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ही वाट बंद केली. मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला, तर ते उत्पन्न घरापासूनचेच, असे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून हे लागू आहे.

मग होमस्टेचे काय? इथे तुम्ही नुसती जागा देता की सेवा देता, हे पाहावे लागते. पाहुण्याला रोज स्वच्छ चादर, साफसफाई, नाश्ता, वायफाय, चेक-इनला माणूस, रात्रीच्या हिशेबाने दर असे सगळे असेल, तर तो व्यवसाय आहे असे ठामपणे मांडता येते. पण फ्लॅटची किल्ली एका कुटुंबाच्या हातात दिली, ते चार महिने राहिले, तुम्ही काहीच सेवा दिली नाही आणि तरी रिटर्नमध्ये व्यवसाय दाखवला, तर ते टिकणार नाही. आपली बाजू कागदावर उभी राहायला हवी. पर्यटन संचालनालयाकडची निवास न्याहारी किंवा होमस्टेची नोंदणी, पाहुण्यांचे रजिस्टर, लाँड्रीची बिले, सफाई करणाऱ्या मावशींच्या पगाराची नोंद, हे सगळे पहिल्या दिवसापासून ठेवा.

शिवाजी विद्यापीठाच्या किंवा राजारामपुरीच्या बाजूला कॉट बेसिसवर मुले ठेवणारे पुष्कळ आहेत. मेस, सफाई, वॉर्डन असे असेल तर तोही व्यवसायच. नुसत्या खोल्या देऊन महिन्याला भाडे घेत असाल तर ते घरापासूनचे उत्पन्न.

पायरी २ : दस्तावर नाव कोणाचे

महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का असे ६ टक्के धरले, तर ४२ लाखांच्या फ्लॅटवर २,५२,००० रुपये होतात. महिलेच्या नावावर २,१०,०००. म्हणजे ४२,००० रुपये वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये, ती दोन्हीकडे सारखीच. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतले तर ही सवलत मिळत नाही.

त्यामुळे बिल्डरच्या ऑफिसात सर्रास सल्ला मिळतो, “वहिनींच्या नावावर घ्या.” सल्ला अर्धा बरोबर आहे. पैसा नवऱ्याने दिला आणि पत्नीचे स्वतःचे उत्पन्न नसेल, तर घर तिच्या नावावर असले तरी भाडे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. भाडे तिच्या खात्यात जमा झाले, तिने वेगळे रिटर्न भरले, तरी फरक पडत नाही. मुद्रांक शुल्काचे ४२,००० वाचतात ते खरेच, पण दरवर्षीच्या आयकरात काही वाचणार नाही, हे जाणून मग निर्णय घ्या. पत्नीचा पगार, माहेरून वारशाने आलेला पैसा, तिचे स्वतःचे दागिने मोडून आलेली रक्कम यातून घर घेतले असेल तर भाडे तिचेच. तसे असेल तर पैसा तिच्या खात्यातून थेट विकणाऱ्याकडे गेला पाहिजे, मधे नवऱ्याचे खाते नको.

आईला किंवा वडिलांना पैसे भेट दिले आणि त्यांनी घर घेतले, तर मात्र भाडे तुमच्यात मिळवले जात नाही. आईचे बाकी उत्पन्न कमी असेल तर हा कायदेशीर आणि सरळ मार्ग आहे. फक्त ते घर खरोखर आईचे होते. तिच्यानंतर बहीण-भावांचा वाटा येणार, हे घरात आधीच बोलून घ्या. करासाठी केलेल्या व्यवहारावरून भावंडांत कोर्टकचेरी झालेली या गावाने कमी पाहिलेली नाही.

दोघांच्या नावावर घर असेल तर दस्तात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. हिस्सा निश्चित असला की प्रत्येकाच्या वाट्याचे भाडे, व्याज आणि तोट्याची मर्यादा स्वतंत्र धरली जाते. कर्जातही दोघे सहकर्जदार हवेत. घर दोघांचे आणि हप्ता फक्त एकाच्या खात्यातून, असे असेल तर दुसऱ्याला व्याजाची वजावट मागता येत नाही.

पायरी ३ : खरेदीच्या दिवशीचे कर

बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतला तर ५ टक्के. पण कोल्हापूर महानगरांच्या यादीत नसल्याने इथे ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर तो परवडणाऱ्या घरात बसतो आणि जीएसटी १ टक्का लागतो. ४४ लाखांच्या फ्लॅटला पार्किंगचे वेगळे दोन लाख लावले की तुम्ही ४५ लाखांच्या पुढे गेलात. ही गोष्ट बुकिंगच्या आधी बघायची असते.

किंमत किंवा रेडी रेकनरचे (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या दराचे) मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. रेडी रेकनरपेक्षा फार कमी किमतीचा दस्त करू नका. फरक ५०,००० रुपयांपेक्षा आणि किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचे उत्पन्न मानून त्यावर कर लागतो. आणि वरचा पैसा रोखीत दिलेला असेल तर विकताना तो खर्च म्हणून कधीच दाखवता येत नाही.

उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी अशी शहराला चिकटलेली गावे महापालिकेत नाहीत. तिथे मुद्रांकाचा दर आणि घरफाळ्याची आकारणी वेगळी आहे, म्हणून दस्त करण्याआधी त्या गावचा दर वेगळा विचारून घ्या.

पायरी ४ : भाडेकराराची नोंदणी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह ॲण्ड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीसमोर केलेला कागद नोंदणी म्हणून चालत नाही. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

खर्च फार नाही. मुदतीचे एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक. १४,००० भाडे, ५०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर बेरीज १,५८,५८३ रुपये येते आणि मुद्रांक जेमतेम चारशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. घरबसल्या ऑनलाइन होते.

आयकराच्या दृष्टीने या करारात तीन गोष्टी नीट हव्यात. पहिली, घरफाळा कोण भरणार. मालकाने भरला तरच मालकाला वजावट मिळते. दुसरी, मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की भाडेकरू थेट सोसायटीला देणार. भाड्यात धरला तर तो तुमच्या उत्पन्नात येतो आणि त्याची वेगळी वजावट मिळत नाही. म्हणून भाडेकरूने परस्पर भरावा, हेच चांगले. तिसरी, फर्निचर, एसी यांचे भाडे घराच्या भाड्यापासून वेगळे करता येणार असेल तर वेगळे लिहा. डिपॉझिट २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीत घेऊ नका, बँकेतूनच घ्या.

पायरी ५ : महिन्याच्या भाड्याचा हिशेब

हा भाग नीट समजला तर बाकीचे सोपे जाते. ४२ लाखांचा फ्लॅट, ३० लाख कर्ज, पहिल्या वर्षाचे व्याज अंदाजे २,५०,००० आणि भाडे महिना १४,००० असे धरू.

वर्षाचे भाडे १,६८,०००. त्यातून त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला घरफाळा, समजा ८,०००, वजा केला की उरले १,६०,०००. यावर सरसकट ३० टक्के, म्हणजे ४८,००० वजा. खर्च शून्य झाला असो वा लाखाचा, वजावट ३० टक्केच. उरले १,१२,०००. त्यातून व्याज २,५०,००० वजा केले की १,३८,००० तोटा.

लक्षात घ्या, वजावट व्याजाची आहे, मुद्दलाची नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला वरची मर्यादा नाही. लोक जी दोन लाखांची मर्यादा सांगतात, ती भाड्याच्या घरात तोट्यावर आहे. जुन्या कररचनेत हा तोटा पगारातून वर्षाला जास्तीत जास्त २ लाख वजा होतो. उरलेला पुढची आठ वर्षे फक्त घराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. आपल्या उदाहरणातला माणूस ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर १,३८,००० वर उपकर धरून ४३,०५६ रुपये कर वाचला.

नव्या कररचनेत व्याजाची वजावट भाड्यापुरती मिळते, पण तोटा पगारातून किंवा इतर उत्पन्नातून वजा होत नाही. त्याच माणसाची बचत शून्य.

ताबा मिळण्याआधी भरलेले व्याज वाया जात नाही. घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत ते मागता येते. बँकेकडून त्या काळाचे व्याजाचे प्रमाणपत्र आताच काढून ठेवा.

घरफाळ्याची पावती त्याच आर्थिक वर्षातली हवी. मार्च २०२६ चा घरफाळा एप्रिलमध्ये भरला तर वजावट पुढच्या वर्षी. सवलतीसाठी किंवा थकबाकीच्या अभय योजनेसाठी लोक दोन-तीन वर्षांचा एकदम भरतात, तो भरलेल्या वर्षात पूर्ण वजा होतो. मीटरप्रमाणे येणारे पाण्याचे बिल मात्र घरफाळा नव्हे.

आता पुराचे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, जाधववाडीकडच्या तळमजल्यांत पाणी होते. प्लास्टर, वायरिंग, दरवाजे यांवर लाखभर खर्च झाला तरी महिन्याच्या भाड्याच्या हिशेबात तो वेगळा मिळत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच. पूरविम्याचा हप्ताही तसाच. मात्र घर जितके महिने रिकामे राहिले तितक्या महिन्यांचे भाडे धरावे लागत नाही. नदीकाठच्या पट्ट्यात घर घेताना हा खर्च करातून परत येणार नाही, असे धरूनच किंमत ठरवा.

मेहुण्याला १२,००० च्या घरात ३,००० वर ठेवलेले असेल, तरी कायदा त्या भागातले वाजवी भाडे धरतो. भाडे घेऊन रिटर्नमध्ये न दाखवणेही आता अवघड आहे. भाडेकरू घरभाडे भत्त्याची सवलत घेतो आणि वर्षाचे भाडे १ लाखापुढे असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. तो आकडा आयकर विभागाकडे जातो.

पायरी ६ : दिवसावर दिल्यास

तोच फ्लॅट देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, रात्रीला १,८०० दर आणि वर्षात १५० रात्री भरल्या, असे धरा. जमा २,७०,०००. नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, दिवाळी आणि मे महिना यांत बहुतेक रात्री जातात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात.

व्यवसाय म्हणून दाखवल्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट जाते, पण खरे खर्च सगळे मिळतात. सफाई, लाँड्री, वीज, इंटरनेट, नाश्त्याचे सामान, बुकिंग ॲपचे कमिशन, दुरुस्ती, विमा, घरफाळा, कर्जाचे व्याज आणि घसारा. फर्निचरवर १० टक्के, एसी-फ्रीजवर १५ टक्के. इमारतीवरही घसारा आहे, पण जमिनीच्या किमतीवर नाही.

दुसरा मार्ग अंदाजित उत्पन्न योजनेचा. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला वहीखाते न ठेवता ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. २,७०,००० पूर्ण यूपीआयने आले तर १६,२०० उत्पन्न. ऐकायला हे फार आकर्षक वाटते. पण ६ टक्के ही किमान रेषा आहे. प्रत्यक्षात जास्त कमावले असेल तर जास्तच दाखवायचे, आणि यावर वेगळी व्याजाची वजावट नाही.

आता व्यवसायाच्या खात्याच्या चार गोष्टी, ज्या निर्णयाआधी माहीत हव्यात.

व्यवसायाचा तोटा पगारातून वजा होत नाही, कुठल्याही कररचनेत नाही. नोकरदार माणूस मोठे कर्ज काढून होमस्टे सुरू करतो आणि पहिल्या दोन वर्षांचा तोटा पगाराच्या करात वाचेल असे समजतो. तसे होत नाही. तो तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, तेही रिटर्न वेळेत भरले तरच.

व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला जुनी-नवी कररचना दरवर्षी बदलता येत नाही. जुनी घेऊन एकदा नवीत परत आलात की व्यवसाय आहे तोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही. निव्वळ पगार आणि घरभाडे असलेल्याला हे स्वातंत्र्य दरवर्षी आहे. बायकोच्या हातखर्चाला म्हणून सुरू केलेल्या दोन खोल्यांच्या होमस्टेने पतीच्या पगारावरचा पर्याय बांधला जाऊ शकतो, कारण उत्पन्न पतीच्या नावावर दाखवले जाते. होमस्टे खरोखर पत्नी चालवत असेल आणि घर तिचे असेल तर उत्पन्नही तिचेच दाखवा.

साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी करदात्याला ॲडव्हान्स टॅक्स नसतो. होमस्टे सुरू केला की ही सूट जाते. अंदाजित योजनेत असाल तर सगळा ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत, नाहीतर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला हप्ते. वर्षाचा कर १०,००० च्या आत असेल तर प्रश्न नाही.

चौथी गोष्ट घसाऱ्याची. तिच्याकडे विक्रीच्या पायरीत येतो, कारण ती सगळ्यात महाग पडते.

परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती द्यावी लागते, हेही विसरू नका. पन्हाळ्यावर घर घेणार असाल तर कराच्या आधी पुरातत्त्व खात्याची बंधने पाहा. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

पायरी ७ : जुनी की नवी कररचना

२०२५-२६ साठी नव्या रचनेत ४ लाखांपर्यंत कर नाही, मग ५ टक्क्यांपासून चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर रिबेटमुळे कर शून्य. निवृत्त शिक्षकाला ६ लाख पेन्शन आणि कर्ज नसलेल्या फ्लॅटचे निव्वळ १,१२,००० भाडे असेल, तर नव्या रचनेत त्याला काहीच भरावे लागत नाही. त्याने जुन्या रचनेची आकडेमोड करण्यात वेळ घालवू नये. ज्याचे कर्ज मोठे, पगार वरच्या स्लॅबचा आणि गुंतवणुकीची वजावट, आरोग्य विमा, घरभाडे भत्ता हे सगळे पूर्ण वापरले जाते, त्याने दोन्ही आकडे शेजारी मांडून बघावेत. कर्ज काढून भाड्याचे घर घेण्यामागचे कराचे कारण नव्या रचनेत जवळपास संपले आहे. कर वाचवायला म्हणून कर्ज काढणाऱ्याला मी आता सरळ नको म्हणतो.

पायरी ८ : जीएसटी

राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या कंपनीने अधिकाऱ्यासाठी फ्लॅट घेतला आणि ती जीएसटी नोंदणीकृत असेल, तर कर तिनेच रिव्हर्स चार्जने भरायचा. तुम्हाला काही करावे लागत नाही.

तोच फ्लॅट वकिलाला ऑफिससाठी दिला तर ते व्यापारी भाडे झाले आणि दर १८ टक्के. पण तुमची सगळी उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच नको. २० लाख मोजताना करमुक्त भाडेही धरले जाते. दुकान, गोडाऊन, राहते फ्लॅट, होमस्टे, एकाच पॅनवर जे काही आहे त्याची बेरीज करा. व्यापारी वापरामुळे घरफाळा वाढतो आणि सोसायटीची परवानगीही लागते, तो खर्च भाड्यात धरा.

होमस्टेच्या खोलीला रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आणि त्यात खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. त्यावरच्या दराला १८ टक्के. २० लाखांच्या आतल्या मालकाने थेट फोनवर बुकिंग घेतले तर जीएसटी नाही. बुकिंग ॲपवरून आले तर पाहुण्याकडून जीएसटी घेऊन भरण्याची जबाबदारी ॲपची, तुमची नोंदणी नसली तरी.

कॉट बेसिसवाल्यांसाठी चांगली सोय आहे. माणशी महिना २०,००० पर्यंत दर आणि सलग किमान ९० दिवस मुक्काम असेल तर जीएसटी माफ. म्हणून विद्यार्थ्यांबरोबरचा लेखी करार किमान तीन महिन्यांचा ठेवा.

पायरी ९ : टीडीएस

महिना ५०,००० पेक्षा जास्त भाडे देणाऱ्या साध्या भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा. कंपनी किंवा ज्याचे खाते ऑडिट होते अशा भाडेकरूने १० टक्के, मर्यादा तीच ५०,००० महिना. कोल्हापुरातले बहुतेक फ्लॅट या रेषेच्या खाली आहेत. बुकिंग ॲप ०.१ टक्का कापते. मालक एकटी व्यक्ती असेल, पॅन दिला असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तेही नाही.

खरी अडचण परदेशातल्या मुलाच्या नावावर असलेल्या फ्लॅटची. मालक अनिवासी असेल तर भाडे ८,००० असले तरी भाडेकरूने ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के कापायला हवेत. वडील इथे भाडे गोळा करतात म्हणून मालक बदलत नाही. मुलाचे उत्पन्न कमी असेल तर कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून काढता येते. भाडेकरू गेल्यावर नोटीस त्याच्या मागे जाते, म्हणून हे करारातच लिहा.

पायरी १० : विकताना

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकले तर नफा दीर्घकालीन, नाहीतर स्लॅबप्रमाणे कर. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे न वाढवता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी करदात्याला दुसरा पर्याय आहे, इंडेक्सेशनसह २० टक्के. जो कर कमी येईल तो.

२०१२-१३ मध्ये १८ लाखांना घेतलेला फ्लॅट जानेवारी २०२६ मध्ये ४८ लाखांना विकला. सरळ नफा ३० लाख, १२.५ टक्क्यांनी ३,७५,०००. इंडेक्स २०० वरून ३७६ झाला, म्हणून १८ लाखांचे ३३,८४,००० होतात. नफा १४,१६,०००, त्यावर २० टक्के म्हणजे २,८३,२००. इथे जुना मार्ग स्वस्त. ज्या भागात भाव इंडेक्सपेक्षा फार वेगाने वाढले तिथे १२.५ टक्के बरा पडतो. या नफ्याला १२ लाखांचा रिबेट लागू होत नाही.

शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला वडिलोपार्जित वाडा असेल तर २००१ च्या आधीच्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते, पण त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल विक्रीच्या आधी करून घ्या. वाडा पाडल्यावर मूल्यांकन करणे अवघड होते.

आणि आता घसारा. होमस्टेवाल्याने इमारतीवर घसारा घेतला असेल, तर ती व्यवसायाची मालमत्ता होते. मग घर पंधरा वर्षे ठेवले तरी इमारतीवरचा नफा अल्पकालीन मानला जातो आणि स्लॅबच्या दराने कर लागतो. अंदाजित योजनेत राहिलात, घसारा कधी लिहिलाच नाही, तरी कायदा तो घेतला गेला असे मानतो. दरवर्षी पाच-दहा हजार कर वाचवून विकताना काही लाख जास्त भरायचे, असा हा सौदा होऊ शकतो. ज्याचा बेत पाच-सात वर्षांत भाव वाढल्यावर फ्लॅट विकण्याचा आहे, त्याला मी महिन्याच्या भाड्याचाच मार्ग सांगतो. होमस्टे त्याच्यासाठी, जो ती जागा पिढीजात ठेवून धंदाच करणार आहे.

नफा वाचवण्याचे दोन रस्ते. विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेणे किंवा तीन वर्षांत बांधणे. नफा २ कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरेही घेता येतात. किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर ठरले नसेल तर पैसे भांडवली नफा खाते योजनेत ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात नाही. हे खाते उघडायला बँकेत अनेकदा दोन-तीन चकरा पडतात आणि प्रत्येक शाखा ते उघडत नाही. म्हणून जुलैचा शेवटचा आठवडा येण्याआधीच आपल्या शाखेत विचारून ठेवा.